मेहेरबाईंचा हिरा

बँकेत नवा होतो तेव्हा काही काळ सोनेतारण कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. सराफ दागिना कसोटीवर घासून वजन सांगायचा आणि मी तो पिशवीत घालून लाखेने सील करायचो. दागिने आणणाऱ्या बायका फारशा बोलत नसत. काउंटरवर पाटली ठेवताना त्यांची बोटे क्षणभर तिच्यावर रेंगाळत, एवढेच. लेडी मेहेरबाई टाटा यांच्याविषयी वाचताना मला हटकून ती बोटे आठवतात. या बाईंचे दागिनेही एकदा बँकेत तारण पडले होते. फरक एवढाच, की त्यांत २४५ कॅरटचा एक हिरा होता, वजनाने कोहिनूरच्या दुपटीहून अधिक!

मेहेरबाईंचा जन्म १८७९चा, भाभा घराण्यातला. वडील होरमसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे बडे अधिकारी. १८९८ साली जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवरा वीस वर्षांनी मोठा, पण संसार विलक्षण प्रेमाचा. मेहेरबाई पारशी पद्धतीची साडी नेसून टेनिस खेळत आणि बक्षिसे पटकावत. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९च्या सारडा कायद्यासाठी त्या झटल्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी बोलल्या, परदेशातही व्याख्याने दिली. मूलबाळ मात्र झाले नाही.

तो हिरा म्हणजे ज्युबिली. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत १८९५ साली सापडलेला. व्हिक्टोरिया राणीच्या १८९७च्या महोत्सवावरून त्याला नाव पडले आणि दोराबजींनी तो बायकोसाठी विकत घेतला. पुढे १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना डबघाईला आला. युद्धानंतर भाव कोसळलेले, बाहेरचे स्वस्त पोलाद येऊन पडलेले, कामगारांच्या पगाराला पैसा नाही. दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता, बायकोच्या दागिन्यांसकट, इंपीरिअल बँकेकडे ठेवून एक कोटी रुपये उचलले. (त्या दिवशी तारणाची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर माझा हात कापला असता.) कारखाना तगला, कर्ज फिटले, दागिने घरी आले. माझ्या अनुभवात असे सुखाने सुटलेले तारण पाहून कारकूनसुद्धा हसतो.

पण पुढचे संकट कुठल्याच तारणावर निभावणारे नव्हते. मेहेरबाईंना ल्युकेमिया झाला, रक्ताचा कॅन्सर. त्या काळी डॉक्टरांजवळ होते काय? थोडे क्ष-किरण, थोडे आर्सेनिक. तेवढ्याने काही दिवस पुढे ढकलता येत, रोग हटत नसे. वेल्समधल्या रुथिन गावच्या शुश्रूषागृहात १८ जून १९३१ रोजी त्या गेल्या. वय जेमतेम ५१. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना ठेवले.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण ती वाट आपल्या परळातून जाते. त्याच सुमारास लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत हाफकिन संस्थेत बसून गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा छडा लावत होती. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात, हा तिचा निष्कर्ष १९३१ सालीच छापून आला. अर्कातले ते द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. रक्ताच्या पेशी वाढायला ते लागते, तर ते अडवले की ल्युकेमियाच्या पेशीही अडतील, हा विचार मग अमेरिकेत पुढे गेला. आंध्रातून तिकडे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी तसे औषध बनवले, बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते मुलांना दिले आणि १९४८ साली जाहीर केले, की रोग काही काळ तरी मागे हटतो. मेहेरबाईंना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

दोराबजी बायकोमागे वर्षभरही जगले नाहीत. पण तेवढ्यात त्यांनी जे केले त्याला तोड नाही. आपली सगळी दौलत त्यांनी विश्वस्त निधीत टाकली. शिवाय मेहेरबाईंच्या नावाने वेगळा निधी काढला, तो ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. त्याच्या उत्पन्नाचे पाचांतले चार हिस्से जगात कुठेही हे काम करणाऱ्यांना द्यायचे, उरलेला एक भारतात. निधीचे दस्तऐवज मी पुष्कळ हाताळले. बहुतेकांत देणाऱ्याचे गाव, जात किंवा मंदिर असते. इथे दुःखी नवऱ्याने अट घातली ती अशी! इलाज कुठून येईल ते ठाऊक नसताना त्याने सगळ्या दिशांची दारे उघडी ठेवली. जून १९३२मध्ये बायकोच्या थडग्याला भेट द्यायला निघाले असताना जर्मनीतच ते वारले आणि ब्रुकवुडला तिच्या शेजारी पोचले.

ज्युबिली हिरा १९३७ साली विकला गेला, पैसा दोराबजींच्या निधीत जमा झाला. याच निधीने १९३६ साली समाजकार्य शिकवणारी शाळा काढली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि याच निधीने परळला इस्पितळ उभे केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरिअलचे दरवाजे उघडले. १९५७मध्ये ते सरकारकडे गेले आणि १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. तेव्हा त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. आत्याच्या आजाराने सुरू झालेले काम भाच्याच्या हाती आले.

मुलांना होणाऱ्या ल्युकेमियाच्या नेहमीच्या प्रकारातून आज योग्य उपचार मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. पण उपचार दोन-तीन वर्षे चालतात, आणि खरी अडचण पुष्कळदा औषधाची नसून मुक्कामाची असते. परळच्या त्या रस्त्यावर सकाळी गेलात तर बिहारचे, बंगालचे, आपल्या विदर्भातले आईबाप प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल सांभाळत रांगेत उभे दिसतात. त्यांतले कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले असतात. सकाळी पोराला घेऊन तिथून निघायचे, संध्याकाळी तिथेच परतायचे. मेहेरबाईंचे नाव त्यांच्यातल्या कुणी ऐकले असेल असे मला वाटत नाही. गळ्यातले मणी-मंगळसूत्र गावच्या सोसायटीत किंवा सावकाराकडे ठेवून आलेल्या बायका मात्र त्या रांगेत पुष्कळ असतात.