ढबू पैशाची शाई आणि बारा वर्षांचा एकांत

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या अंबाजोगाईला पुण्या-मुंबईची असंख्य कुटुंबे योगेश्वरीच्या दर्शनासाठी येतात. कुलदेवतेची ओटी भरायची, अभिषेक करायचा, जमले तर जवळच्या परळीला वैद्यनाथाचे दर्शन घ्यायचे आणि परतीच्या वाटेला लागायचे, असा हा बहुतेकांचा क्रम. थोडे चोखंदळ असतील ते दरीतल्या मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जातात. परंतु याच गावात आणखी एक समाधी आहे आणि एके काळी याच गावात एक असा माणूस राहत होता, ज्याने मराठीतील बहुधा सर्वांत मोठी गीताटीका लिहिली, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. हा माणूस म्हणजे दत्तभक्त कवी दासोपंत.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे सन १५५१ मध्ये, बीदर परगण्यातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत देशपांडे, आई पार्वतीबाई. घराणे सुखवस्तू, वतनदार. सरकारी सारा गोळा करून तो राजधानीत पोहोचविणे हे देशपांड्यांचे काम. बहमनी राज्याची शकले होऊन तेव्हा अर्धशतक लोटले होते आणि बीदरच्या गादीवर बरीदशाही होती. राज्य लहान, शेजारी बलाढ्य, त्यामुळे खजिन्यात तंगी आणि वसुलीचा तगादा हे ओघाने आलेच.

अशा काळात परगण्यात दुष्काळ पडला. परंपरा सांगते, की दिगंबरपंतांनी भुकेलेल्या रयतेसाठी धान्याची कोठारे मोकळी केली आणि सरकारात भरावयाची रक्कम थकली. बादशहाने देशपांड्यांना दरबारात बोलावले. सोबत किशोरवयातील दासोपंतही होते. मुलाचे तेज पाहून बादशहाने एक क्रूर तोड काढली. महिनाभरात रक्कम भरली तर मुलगा परत मिळेल, न भरली तर त्याला मुसलमान करून येथेच ठेवून घेतले जाईल. पित्याला रिकाम्या हातांनी गावाकडे परतावे लागले आणि मुलगा बीदरला ओलीस राहिला.

त्या महिन्याची हकीकत चरित्रकारांनी मोठ्या आत्मीयतेने सांगितली आहे. मुलाच्या खर्चासाठी दररोज एक होन मिळत असे. दासोपंत तो दीनदुबळ्यांना वाटून टाकत आणि उरलेला वेळ दत्तात्रेयाच्या स्मरणात घालवत. मुदत संपण्याच्या दिवशी एक पाडेवार राजधानीत आला. दिगंबरपंतांचा चाकर दत्ताजी, अशी त्याने आपली ओळख सांगितली, सारी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि तो निघून गेला. मुलगा सुटून घरी आला तेव्हा उलगडा झाला, की घरून कोणी रक्कम पाठविलीच नव्हती आणि दत्ताजी नावाचा चाकरही कोणी नव्हता.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला ही कथा ओळखीची वाटेल. तिथेही दुष्काळ आहे, बीदरचा दरबार आहे, उघडलेली कोठारे आहेत आणि हलक्या मानल्या गेलेल्या चाकराच्या वेशात येऊन देणे फेडणारा देव आहे. पंढरीच्या विठ्ठलाच्या जागी येथे दत्त आहे, इतकाच फरक. इतिहासाच्या काटेकोर कसोटीवर अशा कथा टिकतील असा आग्रह कोणी धरू नये. पण दुष्काळाने गांजलेल्या प्रदेशातील माणसांना देव नेमक्या याच रूपात का दिसला, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्या काळी रयतेच्या दृष्टीने सर्वांत मोठे संकट थकलेल्या साऱ्याचे होते. देव धावून आला तो हातात शस्त्र घेऊन नव्हे, तर पैशांची थैली आणि पावती घेऊन!

दासोपंतांच्या आयुष्यावर या प्रसंगाचा परिणाम मात्र निराळाच झाला. संकट टळले म्हणून घराने आनंद मानला. मुलाचे लग्न आधीच झालेले होते. आता संसार, वतन, वसुली आणि प्रतिष्ठा या ठरलेल्या वाटेने तो चालू लागेल, असे साऱ्यांना वाटले असावे. पण ज्या मुलाने महिनाभर दररोज आपले भवितव्य दुसऱ्याच्या हाती असल्याचे पाहिले, त्याला त्या वतनाचे मोल उरले नव्हते. ज्या वतनापायी आपण गहाण पडलो, तेच सांभाळण्यात आयुष्य वेचायचे काय, हा प्रश्न त्यांना पडला असेल तर नवल नाही. ज्याने सोडविले त्याचा शोध घेणे हेच आपले काम, असे त्यांनी ठरविले आणि कोणालाही न सांगता घर सोडले.

पायी मजल-दरमजल करीत, नांदेडमार्गे ते मातापूरला, म्हणजे आजच्या माहूरला पोहोचले. माहूरगड हे रेणुकेचे ठाणे आणि दत्तात्रेयाचे निद्रास्थान मानले जाते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेला हा परिसर आजही दाट झाडीचा आहे. सोळाव्या शतकात तो किती निबिड असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तिथे दासोपंतांनी बारा वर्षे तप केले.

बारा वर्षे हा शब्द आपण सहज उच्चारतो. तपाला तपच म्हणतात, म्हणून तो मोजून पाहण्याची गरज वाटत नाही. पण ऐन तारुण्यातली बारा वर्षे म्हणजे काय, हे मागे राहिलेल्या घराला विचारावे. म्हातारे होत चाललेले आईवडील आणि नवऱ्याचा ठावठिकाणा नसलेली तरुण पत्नी यांनी ही वर्षे कशी काढली असतील? संतचरित्रे बहुधा या बाजूला फार रेंगाळत नाहीत. दासोपंतांच्या चरित्रकथेत मात्र या दुःखाची एक खूण राहून गेली आहे. बारा वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला मृत समजून उत्तरकार्य करण्याची तेव्हाची रीत होती. त्या रीतीप्रमाणे घरची मंडळी नदीच्या संगमावर आली. सुनेचे सौभाग्यालंकार उतरविण्याची वेळ आली. नेमके तेव्हाच दासोपंत तिथे आले आणि त्यांची व कुटुंबाची भेट झाली, असे परंपरा सांगते.

ही भेट होण्यापूर्वी दासोपंत माहूरहून गोदाकाठच्या राक्षसभुवनला आले होते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला माहीत असते ते थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६३ मध्ये निजामाच्या फौजेवर मिळविलेल्या विजयामुळे. शनीचे स्थान म्हणूनही त्याची ख्याती आहे. दत्तसंप्रदायात मात्र राक्षसभुवनचे महत्त्व यासाठी, की येथे दासोपंतांना दत्तकृपा झाली आणि पादुकांचा प्रसाद मिळाला, अशी श्रद्धा आहे. जो शोध बीदरच्या बंदिवासात सुरू झाला होता, तो गोदावरीच्या वाळवंटात पुरा झाला.

येथे दासोपंतांच्या चरित्राला कलाटणी मिळते. देव भेटला, आता पुन्हा अरण्य गाठावे, लोकांपासून दूर राहावे, असा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. जे घर सोडून गेले होते, त्याच घराला सोबत घेऊन ते अंबाजोगाईस आले आणि कायमचे तिथलेच झाले. वतनाकडे परतले नाहीत; पण माणसांकडे परतले. आईवडील आणि पत्नी यांच्यासह त्यांनी तिथे प्रपंच मांडला, शिष्य जमले, देवघर उभे राहिले. दासोपंतांच्या परंपरेतील थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही नावे अंबाजोगाईकरांच्या परिचयाची आहेत.

गावही त्यांना साजेसे होते. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी जिथे आहे असे मानले जाते, ते हे गाव. विवेकसिंधूचा काळ शके १११० म्हणजे सन ११८८ असा सांगितला जातो. मराठीत ब्रह्मविद्या सांगण्याची जी वाट मुकुंदराजांनी पाडली, तिच्यावरून सुमारे चार शतकांनी दासोपंत चालू लागले.

ते नुसते चालले नाहीत, अक्षरशः अखंड लिहीत राहिले. दासोपंत रोज एक ढबू पैशाची शाई विकत घेत आणि ती लिहून संपल्याखेरीज उठत नसत, अशी आख्यायिका आहे. तिच्यात अतिशयोक्ती असेल. पण त्यांचे लेखन पाहिले की ती खरी मानावीशी वाटते. त्यांच्या गीतार्णव या गीताटीकेची ओवीसंख्या सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या ग्रंथाचा आवाका कळतो. रोज दहा ओव्या याप्रमाणे लिहीत गेले, तर सव्वा लाखाला साडेबारा हजार दिवस लागतात. म्हणजे एकही दिवस खंड न पाडता सुमारे चौतीस वर्षे! याखेरीज गीतार्थबोधचंद्रिका ही गीतेवरची आणखी एक टीका, ग्रंथराज, वाक्यवृत्ती, पदार्णव अशी त्यांची रचना आहे. दत्ताच्या सोळा अवतारांची जी मालिका संप्रदायात मानली जाते, तिचेही श्रेय त्यांच्याकडेच जाते. नियमाने बसणे, शाई संपेपर्यंत न उठणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे यावाचून एवढे काम होत नाही. माहूरच्या बारा वर्षांनी त्यांना आणखी काही दिले असेल नसेल. एका जागी बसण्याचे बळ निश्चित दिले.

त्यांच्या साऱ्या लेखनात आगळी ठरते ती पासोडी. पासोडी म्हणजे थंडीत गोरगरीब अंगावर घेतात ती जाड सुताची चादर. सुमारे चाळीस फूट लांबीच्या अशा कापडावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तातील विषय लिहून काढला. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म महाभूते एकमेकांत मिसळून हा देह आणि हे जग कसे घडते, याची ही मांडणी. ओव्यांची संख्या सोळाशेच्या घरात. रकाने पाडून, आकृत्यांची जोड देऊन सारा विषय त्यांनी एका दृष्टिक्षेपात येईल असा मांडला. पोथी एका वेळी एकाच्याच हाती राहते. कापड भिंतीवर टांगले किंवा अंगणात पसरले, की चारचौघांना एकदम दिसते. शिकविण्याची तळमळ असलेल्या माणसालाच अशी युक्ती सुचते. अंगाची ऊब राखणाऱ्या वस्त्रावर देहाचे नश्वरपण लिहिण्यातला अर्थ वेगळा सांगायला नको. दासोपंतांच्या वंशजांनी ही पासोडी पिढ्यान्‌पिढ्या अंबाजोगाईत जपली, हे मराठी वाङ्मयावरचे मोठे ऋण आहे.

दासोपंत एकाकी नव्हते, हेही सांगायला हवे. पैठणचे एकनाथ महाराज त्यांचे समकालीन. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीवरचे दत्तोपासक. त्यामुळे दोघांचे दैवत एक आणि भूमीही एकच, गोदाकाठची. बीडचे जनीजनार्दन, तसेच रामाजनार्दन आणि विठारेणुकानंदन यांच्यासह हे पाचजण एकनाथपंचक म्हणून ओळखले जातात. नाथ आणि दासोपंत यांच्या भेटीच्या कथाही परंपरेत प्रिय आहेत. विजयनगरचा पाडाव, दक्षिणेतील शाह्यांची भांडणे, मोगलांच्या स्वाऱ्या अशा धामधुमीत ही मंडळी शांतपणे मराठीत लिहीत, गात आणि शिकवीत होती. शके १५२१ मध्ये नाथांनी फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला. शके १५३७ मध्ये, म्हणजे सन १६१५-१६ मध्ये, दासोपंतांनीही षष्ठीलाच, माघ वद्य षष्ठीला, अंबाजोगाईत समाधी घेतली. त्यानंतर अवघ्या तीनेक वर्षांत, १६१९ मध्ये, विजापूरकरांनी बीदर जिंकले आणि ज्या दरबाराने एका मुलाला ओलीस धरले होते, तो दरबारच उरला नाही.

एवढे लिहूनही दासोपंत आज फारसे वाचले जात नाहीत. ग्रंथांचा अवाढव्य विस्तार हे त्याचे एक कारण. त्यातले पुष्कळसे लेखन दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिले, हे दुसरे. नाथांची वाणी घराघरांत पोहोचली, दासोपंतांची देवघरांत राहिली.

तरीही त्यांचे आयुष्य शहरात राहणाऱ्या वाचकाला काही सांगते, असे वाटते. आपल्यालाही कोणी ना कोणी ओलीस धरलेले असते. घराचे हप्ते, नोकरीतली चढाओढ, क्षणाक्षणाला लक्ष वेधून घेणारा हातातला फोन ही आजची वतनेच. त्यातून सुटायचे म्हणजे बारा वर्षांसाठी माहूर गाठायचे, असे दासोपंतही म्हणणार नाहीत. त्यांनी स्वतःच त्या एकांताची किंमत संगमावर उभ्या असलेल्या आपल्या माणसांच्या डोळ्यांत पाहिली होती. म्हणून तर त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध त्याच माणसांत घालविला आणि अरण्यातला एकांत घरातल्या एका बैठकीत आणून बसविला. ज्याने बीदरला तारले तो पुढेही तारील, एवढ्या भरवशावर उद्याची चिंता बाजूला ठेवायची आणि आजच्या वाटणीची शाई आज संपवायची, हा त्यांचा परिपाठ होता.

पुढच्या वेळी योगेश्वरीच्या दर्शनाला जाल, तेव्हा परतीची घाई थोडी आवरा. दासोपंतांच्या समाधीपाशी घटकाभर बसा. तिथे मागण्यासारखे काही नाही. फक्त बसायचे आहे.