डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि कोंबड्यांचे खाद्य

आपल्या बीदर-कलबुर्गी भागात हत्तीपायाच्या मोहिमेत घरोघर वाटलेल्या डीईसीच्या गोळ्या अनेक पालकांना आठवत असतील. ते औषध डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आले. या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. (दहावीच्या विद्यार्थ्यांनी याचा सोयीस्कर अर्थ काढू नये!) मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घातला. इंग्रज प्राध्यापकांची नाराजी ओढवली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. या खालच्या पदवीवर समाधान मानावे लागले. १९२३ मध्ये ते बोस्टनला गेले. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करीत त्यांनी पुढील शिक्षण घेतले. हार्वर्डमध्ये मोलाचे संशोधन करूनही तेथे कायमची जागा मिळाली नाही, म्हणून १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले व पुढे तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

त्यांच्या हाताखालील वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांनी १९४५ मध्ये मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन शोधले. टेट्रासायक्लिन गटातील हे पहिले प्रतिजैविक. १९४८ मध्ये ते जगापुढे आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले.

पुढची हकीकत त्यांना पाहायला मिळाली नाही. त्याच कंपनीतील ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांनी ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला चोथा पिलांच्या खाद्यात मिसळला. त्यात जीवनसत्त्व बी-१२ असल्याने ते स्वस्त पूरक खाद्य ठरेल, असा त्यांचा कयास होता. पिले अपेक्षेपेक्षाही झपाट्याने वाढली! कारण चोथ्यात औषधाचा अंशही उरला होता. १९५१ मध्ये अमेरिकेत असे खाद्य विकण्यास परवानगी मिळाली आणि ही रीत जगभर पसरली.

यात घोटाळा कुठे झाला? औषधाची थोडी थोडी मात्रा रोज पोटात गेली की कमजोर जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. शिवाय आपला चिवटपणा ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. १९७६ मध्ये स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टनजवळच्या एका शेतावरील प्रयोग प्रसिद्ध केला. टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य खाणाऱ्या पिलांच्या आतड्यांत आठ-पंधरा दिवसांतच असे चिवट जिवाणू आढळले. काही महिन्यांत ते शेतावर राहणाऱ्या कुटुंबातही आढळले. त्या माणसांनी औषध घेतलेच नव्हते.

युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी जनावरांना प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांसाठी वापरण्यास बंदी घातली. माणसाच्या गंभीर संसर्गात इतर उपाय हरले की डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. टेट्रासायक्लिन गटातील डॉक्सिसायक्लिन तर गुरांपासून होणाऱ्या ब्रुसेलोसिसवर आजही दिले जाते.