संत हिल्डेगार्ड आणि मुका झालेला मठ


संत हिल्डेगार्ड (१०९८-११७९) या जर्मनीतील बिंगेनजवळच्या मठाच्या प्रमुख. त्यांनी ७० हून अधिक भक्तिगीते रचली. ११७८ साली त्यांनी एका उमरावाला मठाच्या दफनभूमीत जागा दिली. तो पूर्वी बहिष्कृत होता, पण मरणापूर्वी त्याचा ख्रिस्तसभेशी समेट झाला होता. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरण्याचा हुकूम दिला. हिल्डेगार्ड यांनी नकार दिला. शिक्षा म्हणून मठात मिस्सा व गायन बंद झाले. ८० वर्षांच्या मठमातेने बंदी पाळली, प्रार्थना हळू आवाजात म्हटल्या. पण गायन हे देवाचेच दान आहे, असे पत्र लिहून ठामपणे कळवले. ११७९ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्या देवाघरी गेल्या.

आपल्यावर तर कसलीच बंदी नाही. मग मिस्सेत ओठ मिटून का उभे राहावे?