कापडाच्या दुकानातून जीवसृष्टीकडे



मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी.ए., बी.एड. होऊन भाषा आणि इतिहास शिकवणारा मी एक साधा शिक्षक आहे. तरीही यंदा जीवशास्त्रातील एका थोर पुरुषाचे चरित्र तुमच्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. कारण हे गृहस्थही विज्ञानाचे पदवीधर नव्हते. ते कापडाचे दुकानदार होते.

आरंभी माझी स्वतःची एक आठवण सांगतो. मी शिकत होतो त्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. तो काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. तपासणीच्या दिवशी तो टेबलावर मांडला जाई आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात जाई. पेशीची आकृती मी पाठ करून काढत असे, तिचे गुणही मिळत. पण दहावी होईपर्यंत त्या नळीला माझा डोळा एकदाही लागला नाही. ही खंत अजून मनात आहे. चरित्र संपल्यावर आपण त्या कपाटाकडे परत येऊ.

हॉलंड देशातील डेल्फ्ट या गावी 24 ऑक्टोबर 1632 रोजी आंतोन व्हान लेव्हेनहूक याचा जन्म झाला. वडील टोपल्या विणण्याचा धंदा करीत. आंतोन पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. काही काळ शाळा झाली, काही काळ तो नातेवाइकांकडे राहिला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. तेथे तो कापडाची पारख आणि हिशेब शिकला. त्या काळच्या विद्वानांची भाषा लॅटिन होती. ती त्याला कधीच आली नाही. त्याला येत होती ती फक्त मातृभाषा, म्हणजे डच.

1654 साली डेल्फ्टला परतून लेव्हेनहूक यांनी लग्न केले आणि स्वतःचे दुकान थाटले. संसारात सुख फार काळ लाभले नाही. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली, फक्त मारिया ही मुलगी जगली. 1666 मध्ये पत्नीही गेली. दरम्यान, 1660 पासून नगरसभेच्या दालनांची देखभाल करण्याची नोकरी त्यांना मिळाली होती. पुढे जमीन मोजणीची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. पोटापाण्याची सोय झाली आणि मोकळा वेळ हाती आला. मित्रहो, खरे चरित्र येथून सुरू होते.

कापडाच्या व्यापारात सुताची पारख करण्यासाठी भिंग लागते. लेव्हेनहूक स्वतः भिंगे तयार करू लागले. त्यांचे यंत्र तुमच्या प्रयोगशाळेतल्यासारखे नव्हते. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन लहान पट्ट्या, त्यांच्यामध्ये बसवलेले मणीएवढे एकच भिंग, आणि पाहायची वस्तू टोचण्यासाठी एक टोकदार सुई. सारे यंत्र तळहातावर मावेल एवढे. ते डोळ्याला अगदी भिडवून उजेडाकडे धरावे लागे. त्यांच्या उरलेल्या भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे 266 पट मोठी दाखवते. आयुष्यभरात त्यांनी अशी सुमारे 500 भिंगे तयार केली.

1673 साली डेल्फ्टचे डॉक्टर रेनियर द ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या दुकानदाराची ओळख करून दिली. लेव्हेनहूक यांच्या पहिल्या पत्रात बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांची वर्णने होती. तेव्हापासून पन्नास वर्षे ते सोसायटीला पत्रे लिहीत राहिले. सारी पत्रे डच भाषेत, साध्या बोलण्याच्या ढंगात. लंडनमध्ये त्यांची भाषांतरे होऊन ती छापली जात. भाषा येत नाही म्हणून ज्ञान अडले नाही, हे ध्यानात ठेवा.

आता त्यांनी काय पाहिले ते क्रमाने पाहू, कारण तुमच्या पुस्तकातील कितीतरी धडे त्यातच आहेत.

पहिला धडा रक्ताचा. आपल्या डोळ्यांना रक्त तांबडे पाणी दिसते. 1674 साली लेव्हेनहूक यांनी स्वतःचे रक्त भिंगाखाली धरले. एका स्वच्छ द्रवात असंख्य तांबडे कण तरंगत असल्याचे त्यांना दिसले. याच आपल्या तांबड्या रक्तपेशी. त्यांच्याजवळ मोजपट्टी नव्हती. म्हणून त्यांनी वाळूच्या कणाशी तुलना केली आणि असा एक कण बारीक वाळूच्या कणाच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढा असल्याचा अंदाज बांधला. आज आपण सांगतो की तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन असतो आणि एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. दुकानदाराला मापाची सवय होती, तीच येथे कामी आली.

दुसरा धडा रक्ताभिसरणाचा. रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात येते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये सांगितले होते. पण धमन्यांतून ते शिरांमध्ये कसे पोचते, हे त्यांना दिसले नव्हते. तो दुवा म्हणजे केशवाहिन्या. इटलीच्या मालपीगी यांनी 1661 मध्ये त्या बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. लेव्हेनहूक यांनी 1688 मध्ये बेडकाच्या शेपटीवाल्या पिलांत रक्तपेशी त्या अरुंद वाटेने कशा पुढे सरकतात, याचे स्पष्ट वर्णन केले. 1698 साली रशियाचा सम्राट पीटर हॉलंडमध्ये आला, तेव्हा त्याला त्यांनी वाम माशाच्या शेपटीतील हेच रक्ताभिसरण दाखवले.

तिसरा धडा सर्वांत मोठा. मिरी तिखट का लागते, या शंकेने त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब पाहिला, तर त्यात हजारो सूक्ष्म जीव हालचाल करीत होते. तळ्याच्या, पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्यातही त्यांना असे जीव आढळले. ऑक्टोबर 1676 मध्ये त्यांनी हे सविस्तर लिहून लंडनला पाठवले. तेथील विद्वानांचा विश्वास बसेना. एका थेंबात हजारो प्राणी, आणि तेही सांगतो कोण, तर एक दुकानदार!

लेव्हेनहूक रागावले नाहीत. त्यांनी धर्मोपदेशक आणि नोटरी यांच्यासह आठ प्रतिष्ठित गृहस्थांना आपल्या भिंगातून पाहू दिले आणि त्यांच्या सहीनिशी साक्षी लंडनला पाठवल्या. तिकडे रॉबर्ट हूक यांनी प्रयोग पुन्हा केला. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना 1665 मध्ये पेशी हे नाव देणारे ते हेच. नोव्हेंबर 1677 मध्ये हूक यांनाही ते जीव दिसले आणि सोसायटीच्या सभासदांनी ते स्वतः पाहिले. 1680 साली सोसायटीने या दुकानदाराला आपले सभासदत्व बहाल केले. विज्ञानात मोठ्या नावाला मान नसतो, पुन्हा करून पाहता येणाऱ्या प्रयोगाला असतो.

1683 मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांच्या फटीतील पांढरे किटण पाहिले. ते दररोज मिठाने दात घासत, तरीही त्यात वळवळणारे जीव होते. ज्याने जन्मात दात स्वच्छ केले नव्हते अशा एका वृद्धाच्या तोंडात तर त्यांची दाटी होती. हे जीवाणू होत. मुलांनो, रात्री दात घासण्याचा कंटाळा येईल तेव्हा त्या वृद्धाची आठवण ठेवा.

चौथा धडा जन्माचा. धान्यातले सोंडे धान्यातूनच आपोआप निपजतात आणि पिसवा धुळीतून होतात, अशी तेव्हा सर्वसामान्य समजूत होती. लेव्हेनहूक यांनी धीराने निरीक्षण करून दाखवले की सोंडे आणि पिसवा अंड्यांतूनच येतात. जीव जीवापासूनच जन्मतो, हे तत्त्व पुढे पाश्चर यांनी पक्के केले, पण त्याच्या पायाचे काही दगड या दुकानदाराने घातले होते.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. चरित्र लिहिताना थोरांचे दोष झाकू नयेत, असे मला वाटते. लेव्हेनहूक यांनी आपली उत्तम भिंगे कोणाला दाखवली नाहीत आणि ती कशी करतात हे कोणाला शिकवले नाही. पाहुण्यांना ते साधी भिंगे दाखवीत. थोर गणिती लायब्निझ यांनी त्यांना तरुण शिष्य तयार करण्याची सूचना केली. त्यांनी ती मानली नाही. बहुतेक विद्यार्थी पैशासाठी किंवा नावासाठी शिकतात, आणि अशा कामाला लागणारी चिकाटी हजारात एकाकडेही नसते, असे त्यांचे मत होते.

26 ऑगस्ट 1723 रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षात, ते वारले. अखेरच्या दुखण्यातही त्यांनी आपल्या आजाराची लक्षणे टिपून सोसायटीला कळवली. चांदीची 26 यंत्रे त्यांनी सोसायटीला ठेवली होती, तीही एकोणिसाव्या शतकात गहाळ झाली. मागे शिष्य नव्हता. त्यांनी पाहिलेल्या जीवाणूंचा अभ्यास त्यांच्या पश्चात कितीतरी वर्षे जवळजवळ थांबला. हे सूक्ष्म जीव रोगाचे कारण असू शकतात, हे काट्यातोल सिद्ध व्हायला 1876 साल उजाडले. त्या साली जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्स रोगाचा जीवाणू ओळखला. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांतच, 1897 मध्ये, आपल्या मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. मधल्या दीडशे वर्षांत किती घरांतली मुले दगावली असतील, याचा विचार मनात येतो. दोष एका माणसाचा नाही, पण शिकवणारे कोणी असते तर वाट कदाचित लवकर सापडली असती.

आणि ते गुपित तरी काय होते? 2021 साली शास्त्रज्ञांनी यंत्र न उघडता, न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने त्यांच्या सर्वांत प्रभावी भिंगाची तपासणी केली. ते काचेचा धागा ज्योतीत वितळवून केलेल्या गोल मण्याचे निघाले. ही रीत रॉबर्ट हूक यांनी 1665 सालीच पुस्तकात छापून ठेवली होती!

मित्रहो, तात्पर्य काय? ज्याच्यापाशी पदवी, परकी भाषा यांपैकी काही नव्हते त्याने जीवसृष्टीचे दार उघडले. तेव्हा कोणत्याही दुकानदाराच्या, कारागिराच्या किंवा मजुराच्या मुलाने विज्ञान आपल्यासाठी नाही असे म्हणू नये. ही झाली पहिली अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी आम्हा शिक्षकांसाठी आणि संस्था चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. ज्ञान एकट्याच्या मुठीत राहिले तर ते त्याच्याबरोबर मातीत जाते. शाळा काढतात ती नेमकी याचसाठी.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. आपापल्या शाळेतले ते कपाट उघडा. काच फुटेल, सुई वाकेल, यंत्राला ओरखडा पडेल, पडू द्या. कांद्याचा पातळ पापुद्रा आणि डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब, एवढे साहित्य पुरे आहे. आणि मुलांनो, कपाट उघडत नसेल तर अदबीने सरांकडे किल्ली मागा. एकदा मागून मिळाली नाही तर पुन्हा मागा. मी मागितली नव्हती, ही चूक माझी.