नर्व्ह ब्लॉकचे प्रवर्तक डॉ. विल्यम हॉलस्टेड

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास रुग्णासाठी अत्यंत वेदनादायक असतात. या काळात दिलासा मिळावा म्हणून मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन खांद्याकडे व हाताकडे जाणारे मज्जातंतू काही काळ बधिर केले जातात. नर्व्ह ब्लॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा पाया अमेरिकेचे शल्यचिकित्सक डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड यांनी घातला. त्याची किंमत मात्र त्यांना आयुष्यभर मोजावी लागली.

हॉलस्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. येल येथून पदवी घेतल्यानंतर त्यांनी १८७७ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले व पुढील दोन वर्षे युरोपात शल्यचिकित्सेचा अभ्यास केला.

सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी कोकेनमुळे डोळा बधिर होतो, हे सिद्ध केले. ही वार्ता न्यूयॉर्कला पोहोचताच हॉलस्टेड व त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी कोकेन थेट मज्जातंतूंजवळ टोचून पाहण्यास प्रारंभ केला. पहिले प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले. जबड्यातील मज्जातंतूपाठोपाठ मानेतून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा जाळेवजा समूहही त्यांनी बधिर करून दाखविला. त्यासाठी मज्जातंतू शस्त्रक्रियेने उघडे करावे लागत.

कोकेनचे व्यसन जडते, याची त्या वेळी पुरेशी जाणीव नव्हती. हॉलस्टेड आणि हॉल यांच्यासह अनेक सहकारी त्याच्या आहारी गेले. सप्टेंबर १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉलस्टेड यांच्या लेखातील विस्कळीत वाक्यरचना त्यांच्या अवस्थेची साक्ष देते. १८८६ मध्ये त्यांना उपचारासाठी रुग्णालयात दाखल करण्यात आले. मात्र तेथे कोकेनऐवजी मॉर्फिन दिले गेल्याने एका व्यसनाची जागा दुसऱ्याने घेतली.

मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोर येथे आणून प्रयोगशाळेत काम दिले. पुढे ते जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक झाले. जंतुनाशकामुळे परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना त्रास होऊ लागल्याने त्यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये हे दोघे विवाहबद्ध झाले. शल्यचिकित्सकांच्या टप्प्याटप्प्याच्या निवासी प्रशिक्षणाची घडीही हॉलस्टेड यांनीच बसविली.

७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मॉर्फिनचे व्यसन दीर्घकाळ टिकून होते, हे त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांची गोपनीय टिपणे १९६९ मध्ये खुली झाल्यानंतर स्पष्ट झाले.

नर्व्ह ब्लॉकसाठी आता कोकेन वापरले जात नाही. १९७० मध्ये अलोन विनी यांनी मानेच्या दोन स्नायूंमधून इंजेक्शन देण्याची पद्धत मांडली आणि ती खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी रूढ झाली. अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने सुई अचूक जागी नेता येते आणि एका इंजेक्शनचा परिणाम अनेक तास टिकतो. त्यामुळे मॉर्फिनसारख्या औषधांची गरज कमी होते. स्वतः मॉर्फिनच्या विळख्यात सापडलेल्या हॉलस्टेड यांच्या कार्याचे हे सर्वांत मोठे फलित म्हणावे लागेल.