आग्नर एर्लांग: टेलिफोनच्या तारा मोजणारा माणूस आणि आजचे व्हिडिओ सर्व्हर

लाइव्ह व्हिडिओ बघताना मधेच गोल चक्र फिरायला लागलं की आपण आधी नेटला शिव्या घालतो. पण बऱ्याचदा नेट ठीक असतं, समोरच्या सर्व्हरचा हिशोब चुकलेला असतो. असा एक हिशोब मी स्वतः चुकवलाय.

पहिल्या नोकरीत आमचं एक ॲप होतं. विद्यार्थ्याने बटण दाबायचं आणि ३ मिनिटं शिक्षकांशी व्हिडिओवर बोलून शंका विचारायची. तासाला साधारण २०० मुलं यायची. म्हणजे ६०० मिनिटं, म्हणजेच एका वेळी सरासरी १० व्हिडिओ. मी सर्व्हरवर बरोबर १० व्हिडिओंची सोय केली आणि निवांत झालो. संध्याकाळी तक्रारींचा पाऊस! परीक्षा तोंडावर आणि मुलं 'सर्व्हर बिझी' बघत बसलेली.

माझं कुठे चुकलं, हे मला ज्या माणसामुळे कळलं तो १९२९ मध्येच वारला. त्याचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

मास्तरांचा मुलगा

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या खेड्यातला. वडील गावच्या शाळेत मास्तर. पोरगा इतका हुशार की १४ व्या वर्षीच कोपनहेगन विद्यापीठाची पूर्वपरीक्षा पास झाला. वय कमी म्हणून त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. नंतर दोन वर्षं त्याने वडिलांच्याच शाळेत शिकवलं. १९०१ मध्ये गणितात पदवी घेतली आणि पुढची काही वर्षं पुन्हा शाळामास्तरकी.

गणितज्ञांच्या संघटनेत त्याची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन स्वतः नावाजलेले गणितज्ञ आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग त्या कंपनीत आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

प्रश्न तोच, माझ्यावाला

कंपनीपुढचा प्रश्न साधा होता. लोक कधीही फोन करतात, कितीही वेळ बोलतात. मग तारा किती टाकायच्या? जास्त टाकल्या तर पैसे वाया, कमी टाकल्या तर लोकांना फोनच लागत नाही.

१९०९ मध्ये एर्लांगने दाखवलं की कॉल कधी येतील हे सांगता येत नसलं, तरी त्या येण्याला संभाव्यतेचा नियम असतो. १९१७ मध्ये त्याने सूत्रच दिलं: इतके कॉल आणि इतक्या तारा असतील, तर शंभरातल्या किती जणांना लाइन मिळणार नाही. हा नुसता टेबलावरचा अभ्यास नव्हता. मोजमापासाठी तो शिडी घेतलेल्या मदतनीसासोबत कोपनहेगनच्या रस्त्यांवर हिंडायचा आणि मॅनहोलमध्ये उतरायचा.

माझे आकडे त्याच्या सूत्रात टाकले आणि मी गप्पच झालो. सरासरी १० असताना १० जणांचीच सोय केली, तर शंभरातले सुमारे २१ जण परत जातात. १५ केली तर साधारण ४. आणि १८ केली तर एकापेक्षाही कमी! कारण लोक सरासरीप्रमाणे रांगेत येत नाहीत. कधी चौघं येतात, कधी सोळा जण एकदम.

हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही होतो. सुरुवात १ ने करा. प्रत्येक नव्या तारेसाठी आधीच्या उत्तराला १० ने गुणा, मग त्या गुणाकाराला (तारेचा क्रमांक + तोच गुणाकार) याने भागा. बघा करून. फक्त एक लक्षात ठेवा, लोक आपापल्या वेळी येतात असं हे सूत्र धरून चालतं. मॅच सुरू होताना सगळे एकदम आले, तर ते कमी पडेल.

नाव पुढे कसं आलं

एर्लांगने लग्न केलं नाही. काम आणि पुस्तकं हेच त्याचं जग. ३ फेब्रुवारी १९२९ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला 'एर्लांग' हे नाव मिळालं. माझं ॲप म्हणजे १० एर्लांगचं होतं!

मग १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषा बनवायला घेतली. तिलाही त्याचंच नाव दिलं.

या भाषेत एकदा दिलेली किंमत नंतर बदलत नाही. प्रत्येक कॉलसाठी एक छोटी, स्वतंत्र प्रोसेस असते. प्रोसेस एकमेकींच्या मेमरीला हात लावत नाहीत, फक्त निरोप पाठवतात. निरोप त्याच मशीनवर जावो की दुसऱ्या, लिहायची पद्धत तीच. म्हणून एका सर्व्हरचे दहा करणं सोपं जातं. एक प्रोसेस कोसळली तर बाकीच्यांना धक्का नाही, तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रोसेस तिला पुन्हा उभी करते. कॉलच्या जागी व्हिडिओ बघणारा माणूस ठेवा, झाला स्ट्रीमिंग सर्व्हर. फ्लुसॉनिक हा व्हिडिओ सर्व्हर एर्लांगमध्येच लिहिलेला आहे आणि तुमचं व्हॉट्सॲपही याच भाषेवर उभं राहिलं. व्हिडिओ लहान-मोठा करायचं जड काम मात्र सहसा सी सारख्या भाषांकडेच असतं.

मला यात एक गोष्ट सारखीच दिसते. एर्लांगने एकही कॉल चुकणार नाही असं वचन दिलं नाही. किती चुकतील ते आधी मोजलं आणि मग तारा ठरवल्या. त्याच्या नावाची भाषाही बिघाड होणारच असं धरून चालते.

दुसऱ्या दिवशी मी १० चे १८ केले. तक्रारी जवळपास थांबल्या. तेव्हापासून कुणी मला नुसती सरासरी सांगितली, की मी विचारतो: आणि किती जण परत गेले तर चालतील?