नादाकडून नावाकडे : छंदोरचनाकार माधव ज्यूलियन

काव्यशास्त्रातील संज्ञा अभ्यासकाच्या हाती बहुधा तयार स्वरूपात येतात. गण, यती, रूपक, लक्षणा ही नावे पाठ होतात, त्यांच्या व्याख्याही लिहिता येतात. परंतु ज्या काव्यानुभवाची ओळख पटावी म्हणून ही नावे घडली, तो अनुभव पुष्कळदा नावाआड राहून जातो. माधव त्रिंबक पटवर्धन ऊर्फ माधव ज्यूलियन यांचे वाङ्मयीन जीवन या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. कवी, कोशकार, अनुवादक आणि छंदःशास्त्रज्ञ अशा चारही नात्यांनी ते संज्ञेमागील अनुभवाचा शोध घेत राहिले. या शोधात त्यांना लाभलेले यश आणि त्याला पडलेली मर्यादा या दोन्ही गोष्टी मराठी काव्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

माधवरावांचा जन्म 21 जानेवारी 1894 रोजी बडोदे येथे झाला. संस्कृत वृत्तपरंपरेत वाढलेल्या मराठी कवितेचा संस्कार त्यांच्यावर होताच. त्याच्या जोडीला विद्यार्थिदशेत फार्सीचा आणि इंग्रजीचा व्यासंग आला. तीन परंपरांचे हे सान्निध्य पुढील सर्व कार्याची पूर्वपीठिका ठरले. 1918 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले. 1923 मध्ये पुण्यातच रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदींच्या या मंडळात कविता मोठ्याने म्हटली जाई, ऐकली जाई आणि तिच्यावर चर्चा होई. छापील ओळीपेक्षा उच्चारलेल्या ओळीला महत्त्व देणाऱ्या या वातावरणाचा त्यांच्या छंदोविचाराशी निकटचा संबंध आहे.

खाजगी जीवनातील एका वादळामुळे 1924 मध्ये त्यांचा फर्ग्युसनशी असलेला संबंध तुटला. 1925 मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्याच वर्षी त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. ‘विरहतरंग’ (1926), ‘सुधारक’ (1928), ‘गज्जलांजलि’ (1933), ‘स्वप्नरंजन’ (1934) ही त्यांची प्रमुख काव्यनिर्मिती आणि ‘छंदोरचना’ हा ग्रंथ ही सारी याच काळातील आहेत. ‘छंदोरचना’ प्रथम 1927 मध्ये प्रकाशित झाला आणि पुष्कळ विस्ताराने 1937 मध्ये पुन्हा सिद्ध झाला. मधली दहा वर्षे हा कवी स्वतः नवनवी वृत्ते हाताळीत होता, ही बाब ध्यानात ठेवावयास हवी. शास्त्र आणि निर्मिती त्यांच्या ठायी एकमेकांना तपासून पाहत होती.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य लक्षात येण्यासाठी गणपद्धतीकडे वळावे लागते. संस्कृत परंपरेत वृत्ताचे लक्षण तीन-तीन अक्षरांच्या गणांनी सांगितले जाते. स्मरणाला ही पद्धत अत्यंत सोयीची आहे; मात्र तीन अक्षरांचा हा तुकडा कानाला जाणवणाऱ्या तुकड्याशी जुळेलच असे नाही. भुजंगप्रयातात तो जुळतो, कारण तेथे ‘लगागा’ हाच घटक चार वेळा येतो आणि तोच यगण होय. मंदाक्रांतेत मात्र पहिली यती चौथ्या अक्षरानंतर पडते. म, भ, न, त, त, ग, ग अशी या वृत्ताची गणमालिका असल्यामुळे ती यती भगणाच्या पोटात येते. लक्षण एके ठिकाणी तुटते आणि वाचकाचा आवाज दुसऱ्याच ठिकाणी थांबतो.

याहून बोलके उदाहरण देवप्रिया वृत्ताचे आहे. ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ असा त्याचा लगक्रम आहे. सात मात्रांचा एकच घटक तीनदा येतो आणि चौथ्या वेळी अखेरच्या दोन मात्रा गळतात, हे कोणाही श्रोत्याला सहज जाणवते. हीच पंधरा अक्षरे गणांत मांडली की र, त, म, य, र अशी मालिका मिळते. लक्षण निर्दोष असूनही या मांडणीत आवर्तनाचा मागमूस उरत नाही. फार्सी छंदःशास्त्रात मात्र हीच रचना रमल या बहराच्या ‘फाइलातुन फाइलातुन फाइलातुन फाइलुन’ या तालशब्दांनी दाखविली जाते आणि तेथे आवर्तन प्रत्यक्ष ऐकू येते. दोन्ही शास्त्रांशी परिचय असलेल्या माधवरावांना एकाच नादाची ही दोन नावे शेजारी ठेवून पाहता आली. पद्म या आठ मात्रांच्या आणि भृंग या सहा मात्रांच्या आवर्तनासारख्या संज्ञांनी त्यांनी मराठी पद्याची जी व्यवस्था लावली, तिच्या मुळाशी ही श्रवणनिष्ठ दृष्टी आहे.

छंद, जाती आणि वृत्त या तीन संज्ञांतील भेदही त्यांनी याच दृष्टीने स्पष्ट केला. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांचे माप ठरलेले असते, तर छंदात लघु-गुरूंचा भेद बाजूला राहून अक्षरांची संख्या प्रमाण मानली जाते. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा मोठा अभंग हा तिसऱ्या वर्गातला. संतकवितेची रचना त्यामुळे शिथिल वा अशास्त्रीय ठरत नाही. ती वेगळ्या नियमाने चालते, एवढेच. अभंग-ओवीला शास्त्रात हक्काचे स्थान मिळवून देणारा हा विचार केवळ वर्गीकरणापुरता नव्हता. मुंबई विद्यापीठाने 1938 मध्ये त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. मराठीतील हा पहिलाच डी.लिट. होय.

अलंकारिक भाषेचा प्रश्न त्यांच्यासमोर अनुवादाच्या रूपाने उभा राहिला. ‘उमरखय्यामकृत रुबाया’ (1929) हा मूळ फार्सीवरून केलेला अनुवाद आणि ‘द्राक्षकन्या’ (1931) हे एडवर्ड फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपांतराचे मराठी रूप. दुसऱ्या ग्रंथाचे शीर्षकच अभ्यासनीय आहे. द्राक्षवेलीची कन्या म्हणजे मदिरा, हा फार्सी कवितेतील रूढ संकेत. येथे मदिरेचे नावही उच्चारले जात नाही. उपमेय गिळून उपमान तेवढे उरते, म्हणजे संस्कृत परिभाषेत रूपकातिशयोक्तीची जात. फार्सी वाचकाला हा संकेत इतका परिचित असतो की त्यातील अलंकार त्याला जाणवतही नसेल. मराठी वाचकाला तो नवा आणि टवटवीत वाटतो. शिवाय मदिरा ही मदिराच समजावी की सूफी परंपरेप्रमाणे ईश्वरी प्रेमाचे प्रतीक मानावे, हा खय्यामच्या वाचनातील जुनाच वाद आहे. अलंकाराचे नाव सांगता आले म्हणून हा वाद मिटत नाही. त्यासाठी संकेत कोणत्या परंपरेत रुजला आहे, हे जाणावे लागते. एकाच कवीकडे दोन भिन्न वाटांनी जाण्यात माधवरावांची ही जाण दिसून येते.

गज्जलेच्या बाबतीत मात्र या जाणिवेला मर्यादा पडली. मराठीत हा प्रकार त्यांनी हेतुपुरस्सर आणि विपुल प्रमाणात आणला. परंतु त्यांच्या रचनांत गज्जल मुख्यतः वृत्त आणि यमकयोजना म्हणून अवतरली. फार्सी गझलेत प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असतो. यमकाने आणि अंत्यपदाने शेर एकत्र बांधले जातात, आशयाने ते मोकळे राहतात. फार्सीच्या अध्यापकाला हे ठाऊक नसेल, असे म्हणता येत नाही. तरीही त्यांच्या पुष्कळ गज्जला एकाच भावनेचा विस्तार करीत भावगीताच्या वळणाने जातात. पुढे सुरेश भट (1932–2003) यांनी शेराच्या स्वातंत्र्यावर भर देऊन मराठी गझलेला निराळी दिशा दिली. परभाषेतील संज्ञा स्वीकारताना तिचे श्राव्य अंग आधी येते आणि रचनेमागील अर्थव्यवस्था मागाहून, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

उत्तरायुष्यात त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. 1936 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध केला. फार्सी शब्दांनी आपली कविता नटविणाऱ्या कोशकाराने ही भूमिका घ्यावी, यात विसंगती दिसते. तथापि शब्द परका असला तरी नाद आपला होऊ शकतो, हे त्यांच्याच कवितेने आधी सिद्ध केले होते. फार्सी शब्द मराठीत राहावेत की जावेत, हा वाद मागे पडला. फार्सी वळणाची वृत्ते मात्र मराठीत रुजली.

29 नोव्हेंबर 1939 रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. फिट्झजेराल्डच्या खय्यामकडे पुन्हा वळलेली त्यांची ‘मधुलहरी’ 1940 मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. ‘छंदोरचना’ आज प्रामुख्याने संदर्भग्रंथ म्हणून कपाटातून काढला जातो आणि एखाद्या वृत्ताचे लक्षण पाहून परत ठेवला जातो. त्याचा खरा उपयोग याहून निराळा आहे. ओळ आधी मोठ्याने म्हणावी, आवाज कोठे थांबतो आणि काय परतून येते हे ऐकावे, आणि मगच तिच्या नावाकडे जावे, ही शिस्त तो ग्रंथ लावतो. वर्गात वृत्तलक्षणे फळ्यावर लिहून देणाऱ्या अध्यापकाला आणि ती उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्या शिस्तीची गरज अद्याप संपलेली नाही.